दुसऱ्याच्या पाळीत

साहेब यायला वेळ आहे म्हणता, तर फाटकापाशी बसतो. या बाईंनाही बाकावर बसू द्या, दुपारपासून उभ्या आहेत. त्यांच्या हातातली वळकटी त्यांच्याकडेच असू द्या. आत गादी आहे, मीच भरलेली. दोरी सोडून दाखवतो, पण इतक्यात नको. सहाचा भोंगा व्हायला अजून अर्धा तास आहे. सहाला आपण तिघं मिळून सोडू.

काम काय म्हणून विचारलंत. काम एवढंच, की उद्या सकाळी जी पाणबुडी सुटायची आहे ती सुटू नये.

हसा, दादा. मला राग नाही. पाणबुडी म्हणजे काही बस नव्हे, हात केला की थांबायला, हे मलाही कळतं. मी चौथी नापास, गाद्या भरणारा माणूस. पण तुमचे साहेब मला ओळखतात. मागं एकदा मी त्यांना गोष्ट सांगितली तेव्हा तेही असेच हसले होते, आणि शेवटी त्यांना स्वतःच्या हातानं यादीतलं एक नाव खोडावं लागलं. तेवढा दिवा लावा. सावकाश सांगतो, मला भराभर बोलता येत नाही.

माझा धंदा साधा. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, दाभणानं टाके घालायचे. जुनी गादी माझ्याकडे आली की आधी मी ती जमिनीवर पसरतो आणि नुसता बघतो. माणूस उठून गेला तरी त्याचा खळगा गादीत राहतो. कोण कुठल्या कुशीवर झोपतो, कोणाची कंबर धरलीय, कोणते नवरा-बायको एकमेकांकडे पाठ करून झोपतात, सगळं दिसतं. गल्लीतल्या बायका म्हणतात, या म्हाताऱ्याकडे गादी द्यायची म्हणजे घरातलं भांडण चव्हाट्यावर मांडायचं. पण मी कुणाचं कुणाला कधी सांगितलं नाही.

मला एकच मुलगा. पाणबुडीवर लागला तेव्हा बाविशीचा होता. पहिल्या सुट्टीला घरी आला तो कंबर धरूनच. खिशातून एक दोरी काढली, तिला दोन गाठी.

"बाबा, ही गाठ रुंदीची, ही लांबीची. एवढीच फळी मिळते झोपायला. वर सरकारी स्पंज, पुठ्ठ्यासारखा. मला तुमच्या हातची गादी भरून द्या."

मी दोरी मोजली. पावणेदोन फूट रुंदी. म्हटलं, "अरे, यावर माणूस झोपतो की मांजर?"

"माणूस. तेही दोघं."

"दोघं?" त्याची आई आतून ओरडली. "एकमेकांच्या उरावर?"

"पाळीनं गं, आई."

मग त्यानं समजावलं. बोटीत जागा कमी, म्हणून दोन खलाशांत एक फळी. सकाळी सहा ते बारा हा झोपणार, तेव्हा जोडीदार कामावर. बाराला हा उठला की त्याच गादीवर जोडीदार आडवा होणार, सहापर्यंत. सहाला पुन्हा हा. रात्र नाही, दिवस नाही, घड्याळावर झोप. "गादी कधी गारच पडत नाही, बाबा. थंडीत बरं वाटतं. बाकी दिवस दुसऱ्याच्या घामात लोळायचं."

जोडीदाराला सगळे लंबू म्हणायचे. ताडमाड उंच. झोपला की टाचा फळीबाहेर, येणारा-जाणारा त्याला धडकणार आणि शिव्या देणार. आमच्याकडे दोनदा आला होता. हिला काकू काकू करत स्वयंपाकघरात बसायचा आणि निघताना दाराच्या चौकटीला कपाळ आपटून जायचा. दोन्ही वेळा.

मी एकाच ढिगाचा कापूस एकाच दिवशी पिंजला आणि दोन गाद्या भरल्या. एक बोटीवर गेली. दुसरी घरी मागच्या खोलीत टाकली, सुट्टीसाठी. सवय अशी जडली होती की घरीसुद्धा पोरगा सकाळी सहाला झोपायचा आणि बाराला उठायचा. डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी घेऊन. पाळण्यात होता तेव्हापासून तसाच.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. बोट तीन दिवसांच्या चाचणीला गेली आणि वर आलीच नाही. तिथलं पाणी इतकं खोल की ती काढायचं कुणी बोललंही नाही. याच फाटकावर यादी लागली. एक्केचाळीस नावं. मला वाचायला वेळ लागतो. एकेका अक्षराखाली बोट सरकवत मी ती यादी तीनदा वाचली. लंबूचं नाव होतं. माझ्या मुलाचं नव्हतं.

त्या आठवड्यात तो सुट्टीवर होता ना. घरी येतो म्हणून कळवलं होतं, पण आला नव्हता. आम्ही म्हटलं, कुठं मित्राकडे रमला असेल. ही लंबूसाठी रडत होती, मध्येच स्वतःच्या मुलासाठी हसत होती, आणि हसल्याची लाज वाटून पुन्हा रडत होती.

तो आलाच नाही. सुट्टी संपली. मग दोन माणसं घरी येऊन कपाटं उघडून गेली. मग कागद आला: फरारी. शेजारचा न्हावी वस्तरा लावता लावता म्हणाला, "बोट बुडाल्याचं ऐकून टरकला असणार. पळाला. शहाणा निघाला पोरगा." अर्धी दाढी झाली होती. मी तसाच उठून घरी आलो.

हिला म्हटलं, "आपला पोरगा पळणारा नाही."

ही म्हणाली, "पळपुटा म्हणोत, काहीही म्हणोत. पळपुट्याला पाय तरी असतात."

उरलेली अर्धी दाढी मी घरीच केली.

महिना गेला असेल. एक दिवस जेवणानंतर गिऱ्हाइकाची खोळ आणायला मागच्या खोलीत गेलो. त्या खोलीला खिडकी नाही, ऊन येत नाही, कायम गारवा असतो. खोळ खालच्या फळीवर होती. वाकताना आधारासाठी मी पोराच्या गादीवर हात टेकला.

गादी गरम होती.

तापल्यासारखी नव्हे, दादा. माणूस आत्ताच उठून गेल्यावर असते तशी. मी हाक मारली, "अगं, तू पडली होतीस का इथं?" ही बाहेर भांडी घासत होती. म्हणाली, "मला पडायला वेळ कुठाय?"

हात काढला, पुन्हा ठेवला. मग नाक जवळ नेलं. तेलाचा वास, ओल्या लोखंडाचा, आणि बंद खोलीत बरीच माणसं बराच वेळ राहिली की येतो तो वास. संध्याकाळी पुन्हा गेलो. सहाचा भोंगा झाला आणि माझ्या तळव्याखाली गादी गार पडत गेली. चुलीवरून उतरवलेला तवा गार होतो तशी नव्हे. कुणीतरी उठलं, तशी.

आठ दिवस मी दुसरं काम हातात घेतलं नाही. दर तासाला जाऊन हात ठेवायचो. सकाळी सहा ते बारा गार. बाराला गरम. सहाला पुन्हा गार. एक दिवस गादी उलटी केली. एक दिवस भिंतीला उभी केली. बाराला बघतो तर उभ्या गादीत खळगा पडत होता. आधी खांदा. मग कंबर. मग मध्यावर, उजव्या गुडघ्याचा वाटीएवढा खोलगट गोल...

मी कान लावला. श्वास ऐकू येत होता. एकदम हळू... एक घेतला की दुसऱ्याला बराच वेळ. जपून वापरा म्हणून कुणी बजावलं असावं, तसा.

तेव्हा मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. भिंत धरून खाली बसलो. पण बसल्या बसल्या डोक्यात हिशेब लागला. खळगा माझ्या पोराचा. मी बावीस वर्षं बघितलेला, त्यात चूक नाही. पण वेळ त्याची नव्हती. बारा ते सहा ही पाळी लंबूची. म्हणजे माझा पोरगा लंबूच्या पाळीत झोपत होता. आणि त्याची स्वतःची, सकाळची पाळी रिकामी होती.

म्हणजे पोरगा बोटीवर होता, आणि लंबू नव्हता.

हिला सांगितलं. ती जराही दचकली नाही. म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. बाराला मीच चादर घालते. त्याला हलवू नका."

"नाव यादीत घालायला हवं. दगडावर एक्केचाळीस नावं कोरायला पुढच्या महिन्यात सुरुवात करणार आहेत. पोराच्या जागी लंबूचं नाव जाईल, आणि पोरगा कायमचा पळपुटा राहील."

"आणि घातलंत म्हणजे?" ती म्हणाली. "घातलंत म्हणजे तो मेला. तुम्ही त्याला मारायला निघालात."

पहाटे तिनं माझा धुतलेला सदरा काढून ठेवला. हातात देताना म्हणाली, "चुकीच्या नावाखाली पडलाय लेकरू. जा."

लंबूचं घर दोन तासांच्या वाटेवर. दार त्याच्या बायकोनं उघडलं. कडेवर तान्हं मूल. मी सांत्वनाला आलोय असं तिला वाटलं. तिनं पाणी दिलं, डोळ्याला पदर लावला. मी तिच्याकडे बघत नव्हतो. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि मला पलंगावरची गादी दिसत होती. एका बाजूला बाळंतिणीचा खळगा, शेजारी लहान मुलाचा. आणि पलीकडे एक लांबच लांब, ताजा. पायथ्याशी गादीची कड टाचांनी दबून खाली मुडपलेली.

मी पेला खाली ठेवला. "मुली, मेलेल्या माणसाच्या टाचा गादीबाहेर येत नाहीत. त्याला बोलाव."

ती पांढरीफटक पडली. माळ्यावर काहीतरी हललं. शिडीवरून लंबू उतरला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. उतरताना तुळईला डोकं आपटलं, पण त्याला ते कळलंही नाही.

"काका..." म्हणाला आणि माझ्या पायाशी बसला.

"बोल."

"हिचे दिवस भरले होते, काका. रजा नाकारली. मी धक्क्यावर उभा होतो, रडत होतो. तो सुट्टीवर निघाला होता, पिशवी खांद्यावर. म्हणाला, लंब्या, पहिल्यांदा बाप एकदाच होता येतं. तीन दिवसांची तर फेरी आहे. तुझा बिल्ला आण इकडे."

बिल्ला म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आत जाणाऱ्यानं धक्क्यावरच्या खिळ्याला आपला पितळी बिल्ला अडकवायचा, बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. पोरानं लंबूचा बिल्ला अडकवला आणि स्वतःचा खिशात ठेवला.

"आत कुणी ओळखलं नाही?"

"आमच्यातले सगळे सामील. आणि मोठ्या साहेबांना आमची तोंडं कुठं पाठ असतात? त्यांना आकडे पाठ." मग एकदम खालच्या आवाजात, "काका, बातमी आली तेव्हा मूल दोन दिवसांचं होतं. उद्या जाऊन सांगेन म्हटलं. मग पुन्हा उद्या. मग यादीत माझंच नाव... मेलेल्या माणसानं जाऊन काय सांगायचं?"

"झोप लागते?"

"बाराला नाही. बाराला कुठंही आडवा झालो की वाटतं, जागा भरलेली आहे. कुणीतरी सरकून जागा करून देतंय."

मी म्हटलं, "चल."

त्याची बायको आडवी आली. "धरून ठेवतील हो त्याला!"

"ठेवतील," मी म्हटलं. "धरलेला माणूस सुटतो, मुली. माझा सुटायचा नाही. त्याचं निदान नाव तरी परत द्या."

लंबूनं मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि चपला शोधायला लागला.

तुमच्या साहेबांना मी गादीचं सांगितलं तेव्हा ते हसले, आणि मागून लंबू आत आला तेव्हा हसायचे थांबले. त्यांनी यादीतलं लंबूचं नाव खोडून माझ्या मुलाचं लिहिलं. तो दगड तिकडे दिसतोय ना, त्यावर वरून नववं. वाचायला येतं मला तेवढं. लंबू शिक्षा भोगून सुटला, वखारीत काम करतो, रविवारी मूल घेऊन येतो. हिच्या मांडीवर देतो. गादी अजून रोज बाराला गरम होते. आम्ही दोघं शेजारी बसतो. सवय झाली.

आता आजचं.

पोराच्या दुसऱ्या बोटींवरच्या मित्रांमुळे त्या मापाच्या गाद्या माझ्याकडून बरेच खलाशी घ्यायला लागले. तीच दोरी, त्याच दोन गाठी. या बाईंच्या मुलालाही दोन भरून दिल्या होत्या, एक बोटीला, एक घराला. आज दुपारी दोनला या दुकानात आल्या. वळकटी छातीशी धरलेली.

म्हणाल्या, "गादीवाले, यात काय भरलंय तुम्ही?"

"कापूस. का?"

"कालपासून ही बाराला गरम होते."

माझ्या हातातलं दाभण पडलं. विचारलं, "मुलगा कुठल्या बोटीवर? कधी गेली?"

"गेली नाही अजून," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी जाणार. मुलगा घरीच आहे. जेवायला वाढून आले आत्ता."

दादा, गादी उघडून बघितली. उजव्या कुशीवर झोपणारा, लहान चणीचा, हात उशीखाली. मी विचारलं तर बाई म्हणाल्या, हो, असाच झोपतो. तो तिकडे ताटावर बसला होता आणि इकडे त्याचा खळगा माझ्या दुकानात श्वास घेत होता. त्याला सांगितलं तर तो आईला म्हणाला, डोक्यावर थंड पाणी घाल. म्हणून इथं आलो. माझ्या वेळेला सगळं होऊन गेल्यावर कळलं. या वेळी आधी कळलंय. आधी कळलेल्या गोष्टीसाठी माणूस फाटकावर बसून राहू शकतो. तुम्ही हाकलाल तर पलीकडे बसेन, पलीकडून हाकलाल तर रस्त्यावर. साहेबांना आज माझ्याशी बोलावंच लागेल.

झाला भोंगा. सहा. सोडा बाई दोरी. इथं, दिव्याखाली पसरा.

हात ठेवा, दादा. ठेवा, चावत नाही. गरम आहे ना? बाईंच्या मुलाची पाळी आत्ता संपली. आता एक तर गार पडेल, नाही तर त्याच्या जोडीदाराचा खळगा उमटेल. मग आपल्याला कळेल की उद्या एकटाच जातोय की दोघं...

थांबा. बोलू नका.

लहान खळगा विरतोय, बघा. बाई, विरतोय. रडू नका, हे चांगलं आहे, तो उठतोय. पण गार पडत नाही. दुसरं कुणी येतंय. खांदा रुंद आहे. डावी कूस... डाव्या कुशीवर.

दिवा जरा खाली धरा, दादा. माझे डोळे आता तितके चांगले नाहीत.

नको. राहू द्या. हाताला कळलं. उजवा गुडघा.

ही त्याची बोट नाही. इथं त्याची पाळी नाही, त्याची फळी नाही. पण त्याला खोडच आहे ना दुसऱ्याच्या जागी जायची.

फाटक उघडा, दादा. साहेब आले नसले तरी चालेल, मी धक्क्यावर जाऊन उभा राहतो. बाई, तुम्ही घरी जा, पोराच्या दाराला बाहेरून कडी घाला आणि सकाळपर्यंत काढू नका. जा.

तुम्ही कान कशाला लावताय, दादा? मला इथूनही ऐकू येतंय. श्वास जपून घेत नाहीये तो आज. झोपलेल्या माणसाचा श्वास नाहीच हा.

तो जागा आहे.